घरात बिटकॉइनचा नोड? यंत्र घ्या, पण हिशेब मांडून!

नोड म्हणजे पैसे छापण्याचे यंत्र नव्हे. तो आहे दुसऱ्याचा हिशेब स्वतःच्या घरी बसून तपासण्याचा मार्ग. एवढी एक गोष्ट नीट समजली, की कोणता संगणक घ्यावा, पैसे कशावर घालावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे प्रश्न निम्म्याने सोपे होतात.

रविवारची सकाळ. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो, तोच नाशिकहून ताईचा फोन आला. इकडचे-तिकडचे काहीही न विचारता तिने सुरुवात केली, "अरे, तुझ्या भाच्याला तूच समजाव. पासष्ट हजारांचं कसलंसं यंत्र घ्यायचं म्हणतोय. रात्रंदिवस चालू ठेवायचं आणि दर महिन्याला आपोआप पैसे येणार म्हणे! मी एफडी मोडू की काय?"

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हुशार आहे, पण वयच असे, की नव्या गोष्टीचे नाव काढले की पाय जमिनीवर राहत नाहीत. तो फोनवर आला. "मामा, बिटकॉइनचा नोड आहे तो. विकणारा सांगत होता, नोड चालवला की महिन्याला पाच हजार कुठे गेले नाहीत."

"हे त्यानं लिहून दिलंय?"

"पत्रक दिलंय. पाठवतो तुला."

पत्रक आले. मोठे चकचकीत! आठ गाभ्यांचा प्रोसेसर, ३२ गिगाबाईट रॅम, रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, काचेचे कपाट. मथळा होता 'संपूर्ण बिटकॉइन नोड, घरबसल्या उत्पन्न'. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी एक आकडा होता. त्या आकड्याने सगळे बिंग फोडले. पण तो आकडा समजायचा, तर आधी नोड म्हणजे काय हे पाहायला हवे.

घरोघरी चावडीवाचन

आपल्याकडे गावात चावडीवाचन होते. तलाठी दप्तरातल्या जमिनीच्या नोंदी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. कुणाच्या सातबाऱ्यात चूक असेल, तर त्याला तिथेच हरकत घेता येते. आता अशी कल्पना करा, की त्या दप्तराची एकेक प्रत गावातल्या प्रत्येक घरी आहे. नवी नोंद आली, की प्रत्येक घर ती आपल्या प्रतीशी ताडून पाहते आणि खोटी निघाली तर स्वीकारतच नाही. मग तलाठ्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही!

बिटकॉइनचा नोड हे नेमके असेच एक घर. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. या पानाला 'ब्लॉक' म्हणतात. त्या दिवसापासून साधारण दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. नोड चालवणारा संगणक पहिल्या पानापासून आजवरची प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. सही खरी आहे का? तेच नाणे दोनदा तर खर्च केलेले नाही ना? ठरल्यापेक्षा जास्त नाणी तर कुणी काढली नाहीत ना?

मग पैसे कुणाला मिळतात? ते मिळतात नवे पान लिहिणाऱ्याला. त्याला 'मायनर' म्हणतात. अगदी सुरुवातीला ही दोन्ही कामे एकच प्रोग्रॅम करत असे. कॅलिफोर्नियातला प्रोग्रॅमर हाल फिनी याने जानेवारी २००९ मध्ये आपल्या घरच्या संगणकावर बिटकॉइन चालवले. सातोशीकडून आलेली पहिली दहा नाणी त्यालाच मिळाली. पण संगणक तापायला लागला, पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायला लागला, म्हणून त्याने काही दिवसांनी ते काम बंद केले. हे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे.

तो जमाना केव्हाच गेला. २०१३ पासून मायनिंगसाठी खास चिपची यंत्रे आली आणि आज ते काम गोदामाएवढ्या जागेत, प्रचंड विजेवर चालते. घरच्या संगणकाने मायनिंग करणे म्हणजे वाटीने समुद्र उपसणे. घरात उरतो तो नोड, म्हणजे तपासनीस. आणि बिटकॉइनच्या तपासनिसाला एक पैसाही पगार नाही.

मी भाच्याला हेच सांगितले. फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मग लोक चालवतात कशाला?"

बिनपगारी चाकरी कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात दोनदा मिळाले आहे.

१५ ऑगस्ट २०१० रोजी प्रोग्रॅममधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी एका पानावर तब्बल १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण केली. बिटकॉइनची एकूण मर्यादा आहे २ कोटी १० लाख! काही तासांतच दुरुस्त प्रोग्रॅम तयार झाला. नोड चालवणाऱ्यांनी तो आपापल्या संगणकावर चढवला आणि ते खोटे पान सगळ्यांच्या वहीतून बाद झाले.

दुसरा प्रसंग २०१५ ते २०१७ या काळातला. पान मोठे करावे, म्हणजे एका पानावर जास्त व्यवहार बसतील, असे बड्या कंपन्या आणि अनेक मायनर म्हणत होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते, की पाने फार मोठी झाली तर वही इतकी फुगेल, की ती ठेवायला सामान्य माणसाचा संगणक पुरणार नाही. मग तपासणी मूठभर धनाढ्यांच्या हाती जाईल. शेवटी नोड चालवणाऱ्या अनेक साध्या लोकांनी जाहीर केले, की १ ऑगस्ट २०१७ पासून आमच्या नियमात न बसणारी पाने आम्ही घेणारच नाही. त्याआधीच मायनरांनी जुळते घेतले. मोठी पाने हवी असणाऱ्यांनी त्याच दिवशी 'बिटकॉइन कॅश' नावाची वेगळी चूल मांडली.

थोडक्यात, नोडसाठी महागडा संगणक लागू नये म्हणूनच दोन वर्षे ही भांडणे झाली! साध्या घरातल्या साध्या यंत्रावर हे काम व्हावे, हे त्यातले तत्त्व. म्हणून कुणी 'नोडसाठी पासष्ट हजारांचे यंत्र लागेल' म्हणू लागला, की कान टवकारावेत.

आणखी एक फायदा आहे, खाजगीपणाचा. मोबाईलवरचे साधे पाकीट आपली शिल्लक कुठल्यातरी परक्या संगणकाला विचारते. म्हणजे आपले पासबुक दुसऱ्याच्या दुकानात उघडून बघण्यासारखेच ते. पाकीट स्वतःच्या नोडला जोडले, की हा चोंबडेपणा संपतो. मात्र ज्याच्याकडे नाणी नाहीत, त्याला नोडपासून मिळते ते केवळ शिक्षण आणि समाधान. ते किती किमतीचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैसे घाला डिस्कवर!

आता त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडे वळू. तिथे लिहिले होते, 'एसएसडी २५६ गिगाबाईट'.

बिटकॉइनची पूर्ण खतावणी आज सुमारे ७०० गिगाबाईटच्या घरात गेली आहे. शिवाय चालू शिलकीची यादी आणि इतर फायलींना वेगळी जागा लागते. दरवर्षी साधारण ८० ते ९० गिगाबाईटची भर पडते. म्हणजे पत्रकात ज्याला 'संपूर्ण नोड' म्हटले होते, त्या यंत्रात संपूर्ण वही मावतच नव्हती! शोभेच्या दिव्यांवर खर्च केला होता आणि मुख्य गोष्टीत मापात पाप.

म्हणून पहिला नियम. पूर्ण वही ठेवायची असेल, तर डिस्क २ टेराबाईटची घ्यावी. १ टेराबाईटची डिस्क आज पुरते, पण दोन-एक वर्षांत ती भरेल आणि पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागेल.

दुसरा नियम. डिस्क फिरत्या चकतीची नको, एसएसडीच हवी. का? नोड एखादा व्यवहार तपासतो, तेव्हा त्याला शिलकीच्या यादीत ते नाणे शोधावे लागते. ही यादी दहा गिगाबाईटहून मोठी आहे आणि नोंदी तिच्यात विखुरलेल्या असतात. फिरत्या डिस्कची सुई प्रत्येक वेळी जागा शोधत फिरते. सेकंदाला शंभराच्या आसपास शोध झाले, की तिची दमछाक होते. एसएसडीत फिरणारा भागच नाही, ती सेकंदाला हजारो शोध घेते. त्यामुळे जे काम एसएसडीवर एक-दोन दिवसांत उरकते, तेच फिरत्या डिस्कवर कित्येक आठवडे रेंगाळू शकते.

एसएसडीतही प्रकार आहेत. एनव्हीएमई ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी आणि वेगवान. साटा ही जुन्या लॅपटॉपमध्ये बसणारी चपटी डबी. बिटकॉइनला साटासुद्धा पुरेशी आहे. दुकानदाराला एवढे मात्र विचारा, 'टीएलसी आहे की क्यूएलसी?' क्यूएलसी स्वस्त असते, पण सतत लिहीत राहिले की ती मंदावते आणि तिचे लिहिण्याचे आयुष्यही कमी असते. टीएलसी थोडी महाग, पण टिकाऊ.

आणि ऑनलाइन बाजारात मातीमोल भावाने '१६ टेराबाईट'ची डबी दिसली, तर दुरूनच नमस्कार करा. अशा पुष्कळ डब्यांत आत छोटी मेमरी असते आणि ती संगणकाला खोटा आकडा सांगते. डिस्क घरी आणल्यावर ती एकदा काठोकाठ भरून, तेच परत वाचून पाहणे हा त्यावर साधा उपाय. जुनी डिस्क घेणार असाल, तर 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅमने तिची प्रकृती आधी तपासा.

पूर्ण वही नको असेल तर?

इथे एक सुखद वळण आहे. 'प्रूनिंग' नावाची सोय बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रॅममध्येच आहे. त्यात नोड पहिल्या पानापासून सगळे तपासतो, पण तपासून झालेली जुनी पाने फाडून टाकतो आणि फक्त ताजी पाने व चालू शिल्लक ठेवतो. जुन्या पानांसाठी अवघे ५५० मेगाबाईटही चालतात. शिलकीची यादी धरून वीस-पंचवीस गिगाबाईट मोकळी जागा ठेवली, की काम भागते.

तपासणीत काही कसूर राहते का? अजिबात नाही. एवढेच, की जुनी पाने दुसऱ्याला देता येत नाहीत आणि संपूर्ण वही चाळावी लागणारे काही जोडप्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत. शिकाऊ माणसाने सुरुवात इथूनच करावी.

प्रोसेसर, रॅम आणि तीन वाटा

प्रोसेसरच्या बाबतीत फार चिकित्सा नको. गेल्या दहा वर्षांतला कोणताही ६४ बिट प्रोसेसर चालतो. पहिल्या तपासणीच्या वेळी त्याला घाम फुटतो. त्यानंतर दहा मिनिटांतून एक पान तपासायचे, एवढेच काम. रॅम २ गिगाबाईटवर भागते, ४ असली तर बरे आणि ८ असली तर आनंदीआनंद. रॅम भरपूर असेल, तर पहिल्या तपासणीपुरता 'डीबी कॅश'चा आकडा वाढवावा. मूळचा आकडा अनेक वर्षे ४५० मेगाबाईट होता. तो दोन-चार हजार केला, की डिस्कवरच्या खेपा कमी होतात आणि वेळ वाचतो.

आता प्रत्यक्ष यंत्र. घरगुती माणसासमोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट जुन्या लॅपटॉपची. तो कपाटात पडलेलाच असतो. त्याला पडदा आहे, कळफलक आहे आणि बॅटरी म्हणजे तर फुकटचा यूपीएस. मात्र बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी पाहा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसेल, तर ती बॅटरी काढून टाकल्याशिवाय असा लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवू नका. आगीशी खेळ नको.

दुसरी वाट मिनी पीसीची. कंपन्या काही वर्षांनी आपले छोटे संगणक बदलतात आणि ते साफसूफ होऊन रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी हे त्यातले नावाजलेले. जाडजूड पुस्तकाएवढा आकार, आवाज नाममात्र आणि बहुतेकांत एसएसडीला आतच जागा. माझ्या मते नवे काही घ्यायचेच, तर मधली वाट ही. अगदी नवाच हवा असेल, तर इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचे मिनी पीसी २०२३ पासून मिळतात. वीज अगदी कमी खातात.

तिसरी वाट रास्पबेरी पायची. केंब्रिजच्या कंपनीचा हा तळहाताएवढा संगणक नोडवाल्यांचा लाडका. २०१९ चा पाय-४ चालतो, २०२३ चा पाय-५ त्याहून वेगवान. पण याची पथ्ये कडक आहेत. वही कधीही मेमरी कार्डावर ठेवू नका, सततच्या लिखाणाने कार्ड लवकर मरते. पाय-५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा त्याचाच ॲडॅप्टर लागतो. मोबाईलचा चार्जर लावला, तर तो यूएसबीला अवघे ६०० मिलिअँपिअर देतो आणि बाहेरची एसएसडी मध्येच मान टाकते. शिवाय डबी, ॲडॅप्टर, पंखा, एसएसडीची जोडणी असे सगळे धरले, की नुसत्या बोर्डाची स्वस्ताई बरीचशी विरते. बेरीज करून मगच मिनी पीसीशी तुलना करा.

वीज, उकाडा आणि दिवाळीची साफसफाई

नोड चोवीस तास चालतो, तेव्हा विजेचा हिशेब हवाच. १५ वॉटचे यंत्र महिनाभर चालले, तर साधारण ११ युनिट वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला एकशे दहा रुपये. पत्रकातले दिव्यांचे यंत्र १५० वॉट खात असेल, तर १०८ युनिट, म्हणजे हजार रुपयांच्या वर. तेही काही न मिळवता, कायमचे!

वीज अचानक जाणे हा नोडचा खरा शत्रू. लिहिता लिहिता वीज गेली, तर शिलकीची यादी बिघडू शकते आणि मग तपासणी पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉप नसेल, तर छोटा यूपीएस घेणे हा चोचला नव्हे, ती गरज आहे. घरी इन्व्हर्टर असेल, तर नोड आणि राउटर दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या.

दुसरा शत्रू उकाडा. नागपूर-अकोल्याचा मे महिना आठवा! रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला, की आपणहून मंदावतो. फ्रिजच्या डोक्यावर, बंद माळ्यावर किंवा टीव्हीमागच्या कपाटात नोड ठेवू नका. हवा खेळती हवी, धूळ महिन्याला पुसायला हवी.

आणि तिसरा शत्रू घरातलाच. झाडू मारताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी प्लग काढतेच. प्लगवर मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावा. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण बिनखर्चाचा आहे आणि लागू पडतो.

इंटरनेट किती लागेल?

पहिल्या वेळी संपूर्ण वही उतरवावी लागते, मग ती ठेवायची असो वा फाडायची. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ७०० गिगाबाईट नुसते उतरवायलाच तीस तासांच्या वर जातात. त्यानंतर महिन्याला उतरवण्याचे प्रमाण वीस गिगाबाईटच्या आसपास. पण बाहेरचे नोड तुमच्याकडून जुनी पाने मागू लागले, तर पाठवण्याचे प्रमाण महिन्याला दोनशे गिगाबाईट किंवा जास्तही होते. त्यावर मर्यादा घालण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. तेव्हा 'अमर्याद' योजनेतली बारीक अक्षरे वाचा आणि मोबाईलच्या डेटावर हा उद्योग करू नका. शक्य असेल, तर नोड राउटरला केबलनेच जोडा.

आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. त्यामुळे बाहेरचे नोड आपल्या दारी येऊ शकत नाहीत. हरकत नाही. आपला नोड स्वतः बाहेर जाऊन इतरांशी बोलतोच आणि त्याची तपासणी तेवढीच चोख असते.

इथेरियमची गोष्ट वेगळी

'बिटकॉइनच्या नोडला पैसे नाहीत, पण इथेरियमच्या नोडला आहेत' असे ऐकायला मिळते. हे अर्धसत्य आहे. १५ सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमने मायनिंग सोडले. आता तिथे ३२ इथर तारण ठेवून 'व्हॅलिडेटर' होता येते आणि मोबदला मिळतो तो या तारणावर, यंत्रावर नव्हे. ३२ इथर म्हणजे लाखो रुपये. यंत्र बंद पडले तर थोडा दंड बसतो. चुकून एकाच वेळी दोन यंत्रांवर तोच व्हॅलिडेटर चालवला, तर तारणालाच कात्री लागू शकते. तारणाशिवाय नुसता नोड चालवला, तर तिथेही मोबदला शून्य.

यंत्रही भारी लागते. एकाऐवजी दोन प्रोग्रॅम जोडीने चालवावे लागतात, वेगवान एनव्हीएमई एसएसडी २ टेराबाईट आणि शक्यतो ४ टेराबाईट, रॅम ३२ गिगाबाईट. शिकाऊ माणसाने या वाटेला न गेलेले बरे.

कायदा आणि काळजी

कायदेशीर चलन रुपयाच आहे, हे विसरू नये. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस लावला. नाणी घेणार असाल, तर हा हिशेब सनदी लेखापालाकडून समजून घ्या.

'दरमहा हमखास' या शब्दांनी तर अनेकांची घरे बसवली आहेत. 'गेनबिटकॉइन' योजनेत १८ महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवल्याचा आरोप आहे. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यात अटका केल्या आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. नोडसुद्धा सगळ्या संकटांवरचा ताईत नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. नाणी दुसऱ्याच्या तिजोरीत असतील, तर घरातला तपासनीस ती चोरी रोखू शकत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

• मला नोड कशासाठी हवा आहे? उत्तर 'कमाई' असेल, तर तिथेच थांबा.
• घरात जुना लॅपटॉप आहे का? आधी त्यावर प्रूनिंगने चालवून पाहा.
• पूर्ण वही हवी असेल, तर एसएसडी २ टेराबाईट, टीएलसी, पक्क्या बिलासह आणि वॉरंटीची.
• यंत्र किती वॉटचे? महिन्याची युनिटे काढून पाहा.
• वीज गेल्यावर काय? यूपीएस किंवा इन्व्हर्टरची तरतूद हवी.
• प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहून स्वतः उतरवा. विकणाऱ्याने आधीच भरून दिलेला नको. पाकिटाचे गुप्त शब्द तर कुणालाही सांगू नका.

आणि भाच्याचे काय झाले?

भाच्याने विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारले. पाच हजार नेमके कोण देणार? २५६ गिगाबाईटमध्ये संपूर्ण वही कशी मावणार? महिन्याची वीज किती? पहिल्या प्रश्नाला 'कंपनी देते' असे उत्तर आले, दुसऱ्याला 'ते आम्ही बघतो' आणि तिसऱ्याला उत्तरच नाही. ताईची एफडी जागच्या जागी राहिली.

मग त्याने कपाटातून भावजींचा जुना लॅपटॉप काढला. रॅम ४ गिगाबाईट, फिरती डिस्क, बॅटरी केव्हाच मेलेली. खर्च शून्य. प्रूनिंगने तपासणी सुरू झाली. दहाव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली आणि शिलकीची यादी बिघडली. पुन्हा श्रीगणेशा! ताई म्हणाली, "बरं झालं पासष्ट हजार घातले नाहीत." पण त्याने हट्ट सोडला नाही. ट्यूशनच्या पैशांतून छोटा यूपीएस आणला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. अठरा दिवस लागले.

तीन महिने नोड सुरळीत चालला, तेव्हा ताईने आपणहून विचारले, "ती मोठी डिस्क कितीची येते रे?" वाढदिवसाला त्याला २ टेराबाईटची एसएसडी मिळाली.

परवा नाशिकला गेलो, तेव्हा लॅपटॉप खिडकीजवळच्या स्टुलावर होता. प्लगवर ताईच्या अक्षरातली चिठ्ठी, 'हात लावू नये'. पडद्यावर एक आकडा होता, शेवटच्या तपासलेल्या पानाचा. आम्ही चहा घेत असताना तो एकाने वाढला.

"आला बघ नवा ब्लॉक," भाचा म्हणाला.

ताईने चष्मा लावून पडद्याकडे पाहिले. "बरोबर आहे का तो?"

"हो. आत्ताच तपासला."

"कुणी सांगितलं बरोबर आहे म्हणून?"

"कुणीच नाही, आई. आपणच तपासला."

ताई हसली आणि चहाचे कप उचलून आत गेली. जाता जाता चिठ्ठी नीट चिकटली आहे ना, हे तिने बोटाने दाबून पाहिले.